मूस, विमा आणि आपला वाटा

अलास्कात नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच दोन सल्ले हमखास मिळतात. एक मूसबद्दल: अंधार पडताना आणि फटफटताना गाडी हळू चालवा, रस्त्याइतकंच रस्त्याच्या कडेकडेही लक्ष ठेवा. दुसरा गाडीच्या विम्याबद्दल: चार कंपन्यांकडे विचारा, मिळतील तेवढ्या सवलती मागून घ्या, पहिल्या आकड्याला मान डोलावू नका. आपल्या लोकांना हा दुसरा सल्ला खरं तर द्यावाच लागत नाही. मंडईत मेथीची जुडी घेतानाही ‘जरा कमी करा’ म्हटल्याशिवाय आपलं पाऊल पुढे पडत नाही. मग दर सहा महिन्यांनी येणारा विम्याचा हप्ता आपण मुकाट्याने थोडाच भरणार?

पण मंडईतली घासाघीस आणि विम्यातली घासाघीस यांत एक फरक आहे. भाजीवालीने दोन रुपये कमी केले तर ते तिच्या नफ्यातून जातात. विम्यात मला मिळालेली सवलत कुठून येते? थोडी कंपनीच्या नफ्यातून येत असेल. पण विम्याची मूळ रचनाच अशी, की सगळ्यांच्या हप्त्यांतून काहींचं नुकसान भरून निघतं. नुकसानीचा एकूण आकडा तेवढाच राहिला आणि माझा हप्ता कमी झाला, तर उरलेला वाटा दुसऱ्या कुणाच्या तरी हप्त्यात चढणार. तो दुसरा कोण, आणि त्याने माझा वाटा का उचलावा? हा प्रश्न हिशेबाचा वाटतो, पण मुळात तो नीतीचा आहे. आणि तो जितका स्पष्ट अलास्कासारख्या ठिकाणी दिसतो तितका न्यू जर्सीच्या हायवेवर दिसत नाही. याचं कारण मूस.

मराठीत मूस म्हणजे सोनाराची, धातू वितळवायची. इथला मूस म्हणजे हरणांच्या कुळातलं सगळ्यांत मोठं जनावर. पूर्ण वाढलेला नर ७०० किलोच्या घरात जाऊ शकतो. इथल्या वन्यजीव खात्याच्या अंदाजाप्रमाणे अलास्कात पावणेदोन ते दोन लाख मूस आहेत. माणसं सात लाखांच्या थोडी वर. म्हणजे ढोबळ मानाने चार माणसांमागे एक मूस. हा प्राणी जंगलात लपून बसत नाही. अँकरेज शहरातही तो लोकांच्या अंगणात येतो, झाडांच्या डहाळ्या खातो, शाळेच्या आवारात बसतो.

त्याची धडक धोकादायक ठरते ती त्याच्या पायांमुळे. पाय इतके उंच, की गाडीचा पुढचा भाग पायांवर आदळतो आणि वरचं सगळं धूड बॉनेटवरून थेट काचेवर येतं. रंग काळपट, डोकं हेडलाइटच्या झोताच्या वर, त्यामुळे हरणाचे डोळे चमकतात तसे याचे चमकत नाहीत. त्यात डिसेंबरच्या शेवटी अँकरेजला जेमतेम साडेपाच तास उजेड असतो, फेअरबँक्सला पावणेचार तासही नाही. कामाला जाणं अंधारात, घरी येणं अंधारात. फेअरबँक्सला पारा उणे ४० पर्यंत उतरतो. त्या आकड्याला फॅरनहाइट आणि सेल्सिअस एकच होतात, एवढीच त्यातली गंमत. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीसमोर विजेचं सॉकेट असतं, कारण इंजिनाचा हीटर जोडला नाही तर संध्याकाळी गाडी चालू होईलच याचा भरवसा नसतो. टायरमध्ये खिळे बसवण्याची परवानगी ६० अक्षांशाच्या उत्तरेला १६ सप्टेंबर ते ३० एप्रिल अशी असते. साडेसात महिने! कायद्यानेच हिवाळ्याची लांबी मोजून दिली आहे म्हणायची.

अशा ठिकाणी विम्याची पॉलिसी उघडली, की एक मोठी विचित्र गोष्ट सापडते. मूसला गाडी धडकली, तर ते नुकसान सहसा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ या भागात येतं: गारपीट, चोरी, झाड पडणं यांच्या रांगेत. त्यात तुमचा दोष धरत नाहीत. पण मूस दिसला म्हणून तुम्ही स्टिअरिंग फिरवलंत, मूस वाचला आणि गाडी खड्ड्यात गेली किंवा झाडावर आदळली, तर ते ‘कोलिजन’ होतं, आणि बहुधा दोष तुमचा. पुढच्या वर्षी हप्ता वाढण्याची शक्यता जास्त, तीही या दुसऱ्या प्रकारात.

म्हणजे जनावराला मारलंत तर दैव, वाचवलंत तर चूक. प्रथम ऐकताना हे अंगावर येतं. यामागचं तर्कशास्त्र अगदीच टाकाऊ मात्र नाही. निसरड्या रस्त्यावर एकाएकी वळवलेली गाडी समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये जाऊ शकते. म्हणून इथे शिकवतातही तेच: आपल्या लेनमध्ये राहून ब्रेक दाबा. तरीही ज्या अर्ध्या सेकंदात हात स्टिअरिंगवर फिरतो, त्या अर्ध्या सेकंदात कुणी निर्णय घेत नसतो, शरीर घेतं. त्या प्रतिक्षिप्त हालचालीला ‘दोष’ हा शब्द लावायचा का? विम्याच्या कागदावर रकाने दोनच असतात. दोष आहे किंवा नाही. आयुष्यात मात्र या दोहोंच्या मधलाच प्रदेश फार मोठा असतो.

अमेरिकन तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९८१ साली नशिबाचे दोन प्रकार वेगळे केले होते. एक पत्करलेलं नशीब: मी जाणून-बुजून धोका घेतला, जुगार खेळलो, हरलो. दुसरं आंधळं नशीब: माझा काहीही संबंध नसताना आकाशातून काहीतरी येऊन डोक्यावर पडलं. पत्करलेल्या नशिबाचे परिणाम ज्याचे त्याने सोसावेत. आंधळ्या नशिबाचे परिणाम समाजाने वाटून घ्यावेत, असा त्यांच्या मांडणीचा रोख. आणि या दोहोंना जोडणारा पूल म्हणजे विमा, असं त्यांचं म्हणणं. आंधळ्या नशिबाविरुद्ध विमा घ्यायची संधी सगळ्यांना सारखी असेल, तर तो घेणं न घेणं ही निवड होते.

आता मूस यांतल्या कोणत्या खान्यात बसतो ते पाहू. मूस रस्त्यावर आला, हे माझ्या हातात नाही. पण मी बर्फावर ताशी किती मैलांनी चाललो होतो, हे माझ्या हातात आहे. हेडलाइटचा उजेड जिथवर पोचतो त्याच्या आत थांबता येणार नाही इतक्या वेगाने जाणं, ही निवड आहे. इथपर्यंत सोपं. पण मी मुळात त्या रस्त्यावर का होतो? अँकरेजमध्ये घरं महाग, म्हणून कितीतरी कुटुंबं ४० मैलांवरच्या पामर-वसिला भागात राहतात आणि रोज ग्लेन हायवेवरून शहरात कामाला येतात. त्यांच्या हप्त्यात रोजच्या त्या मैलांचा हिशेब असतो. हे पत्करलेलं नशीब मानायचं का? डोंबिवलीहून रोज फोर्टला जाणाऱ्या माणसाला ‘तू लोकलच्या गर्दीची निवड केलीस’ असं म्हणण्याइतपतच ते खरं आहे.

त्याहूनही पुढे जाऊन विचारता येईल: मूस रस्त्यावर येतो तरी का? खोल बर्फातून चालणं त्यालाही जड जातं. आपण सरकारी यंत्रं लावून रस्त्यावरचा बर्फ बाजूला करतो, रेल्वेमार्ग मोकळा ठेवतो, आणि त्याच्यासाठी आयती पायवाट होते. म्हणजे धोक्याचा एक भाग आपल्या सामाईक सोयीतून जन्माला आला आहे. तो रस्ता दुकानातल्या दुधाच्या ट्रकसाठी मोकळा केला जातो, शाळेच्या बससाठी, अँब्युलन्ससाठी. ज्याच्या गाडीवर मूस आदळला त्याने सगळ्यांच्या वतीने ती किंमत भरली, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

विम्याची मूळ कल्पना नेमकी हीच होती. भूमध्य समुद्रावरच्या जुन्या व्यापारी कायद्यात एक नियम होता: वादळात जहाज वाचवण्यासाठी कुणा एकाचा माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान जहाजावर माल असलेल्या सगळ्यांनी मिळून सोसायचं. ज्याचं पोतं वर होतं म्हणून फेकलं गेलं, तो एकटा बुडता कामा नये. आपल्याकडे या विचाराला शब्दही जुना आहे, योगक्षेम. नसलेलं मिळवणं तो योग, असलेलं राखणं ते क्षेम. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं आणि गीतेतला हा शब्द घरोघरच्या पॉलिसीवर पोचला. आपल्या वडिलांच्या पिढीला विमा म्हणजे ओळखीतला एजंट, चहा, आणि कपाटातल्या फायलीतला तो कागद. त्या कागदामागचा विचार मात्र सामुदायिक होता: सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं, ज्याच्यावर वेळ येईल त्याने घ्यायचं.

या पार्श्वभूमीवर आजच्या सवलतींची यादी पाहिली, की तिचे सरळ तीन गट पडतात. हे गट कंपनीच्या माहितीपत्रकात दिसत नाहीत. तिथे सगळ्याच सवलती एकाच हिरव्या अक्षरांत असतात.

पहिल्या गटात अशा सवलती, ज्यांमुळे धोका खरोखर कमी होऊ शकतो. सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स करणं. अलास्कात ५५ वर्षांवरच्या चालकाने मान्यताप्राप्त कोर्स पूर्ण केला तर कंपनीने सवलत द्यावी, असा कायदाच आहे. कमी मैल चालवणं. गाडी काही महिने वापरायची नसेल तेव्हा तसं कळवून फक्त कॉम्प्रिहेन्सिव्ह चालू ठेवणं. या सवलतींत कुणाचा वाटा कुणावर ढकलला जात नाही. नुकसानीचा एकूण ढीगच थोडा लहान होतो आणि त्यातली बचत मला मिळते. असली सवलत मागताना मनात किंतु बाळगायचं काही कारण नाही. उलट ती न घेणं हाच आळस.

दुसऱ्या गटातल्या सवलती धोका कमी करत नाहीत. त्या फक्त तुम्ही कोण आहात हे ओळखतात. लग्न झालंय, स्वतःचं घर आहे, पदवी आहे, क्रेडिट स्कोअर चांगला आहे. यांतल्या क्रेडिट स्कोअरचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना येऊन गेला आहे. भारतातून आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी क्रेडिटचा इतिहासच नसतो. पुण्याच्या रहदारीत वीस वर्षं एकही ओरखडा न काढता गाडी चालवलेला माणूस इथे अनेक कंपन्यांच्या लेखी कालच शिकलेला ठरतो. तीन-चार वर्षांत स्कोअर सुधारतो, हप्ता उतरतो, आणि आपण विसरून जातो. आता तोच नियम आपल्या फायद्याचा असतो. पण ज्याचा स्कोअर आजारपणाच्या बिलांनी खाली आला, त्याच्यासाठी तो तसाच राहतो. त्याचं ब्रेक दाबणं काही त्या बिलांमुळे बिघडलेलं नसतं.

कंपन्या म्हणतात, आकडे दाखवतात की कमी स्कोअरवाल्यांचे क्लेम जास्त. हा मुद्दा नुसता झटकून टाकता येत नाही. पण एखाद्या गटाबद्दल आकडा खरा असला म्हणून त्या गटातल्या प्रत्येकाकडून त्याची किंमत घेणं न्याय्य ठरतं का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यांत नसतं. युरोपच्या न्यायालयाने २०११ साली असंच म्हटलं: पुरुष-स्त्री हा भेद हप्ता ठरवायला वापरायचा नाही. डिसेंबर २०१२ पासून ते लागू झालं. तरुण मुलांच्या अपघातांचे आकडे त्या दिवशी बदलले नव्हते. बदलली ती त्या आकड्यांचं काय करायचं याविषयीची समाजाची भूमिका. कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्समध्ये गाडीच्या विम्यासाठी क्रेडिट स्कोअर वापरता येत नाही. विम्याचे बाजार तिथेही चालूच आहेत.

मोबाइलवरच्या ॲपने गाडी चालवण्याची पद्धत मोजणं, हे या दोन गटांच्या सीमेवर येतं. वरवर पाहता हे सगळ्यांत न्याय्य: माझी जात-पात, घरदार न पाहता फक्त माझं चालवणं पाहा. पण ॲपला मूस दिसत नाही. त्याला दिसतो जोरात दाबलेला ब्रेक. जो दाबल्यामुळे अपघात टळला, तोच ब्रेक गुण कापायला पुरतो. ‘रात्री गाडी चालवणं’ याचा अर्थही अनेकदा घड्याळावरून ठरतो. मध्यरात्रीनंतरचे काही तास म्हणजे रात्र. फेअरबँक्सच्या डिसेंबरात दुपारी चारला मिट्ट काळोख असतो, रस्त्यावर गर्दी असते, मूस हिंडत असतात, पण ॲपच्या लेखी ती दुपार. आणि हॉस्पिटलची पाळी संपवून पहाटे दोनला मोकळ्या रस्त्याने सावकाश घरी जाणारी नर्स मात्र धोकादायक. नियम जिथे लिहिला गेला त्या जागेचं हवामान नियमात शिरतं, आणि तो जिथे लागू होतो त्या जागेचं हवामान बाहेर उभं राहतं.

तिसऱ्या गटातल्या सवलती धोक्याशी संबंधित नसतातच. घर आणि गाडी दोन्हींचा विमा एकाच ठिकाणी घेतला, सगळा हप्ता एकदम भरला, दर वर्षी कंपनी बदलण्याची धमकी दिली. ही सरळ बाजारातली घासाघीस. इथे कंपनी काही बिचारी नसते. जुन्या, निष्ठावान ग्राहकाचा हप्ता हळूहळू चढवत न्यायचा आणि नव्याला स्वस्तात घ्यायचं, ही चाल इतकी सर्रास झाली होती की ब्रिटनमधल्या नियामक संस्थेने १ जानेवारी २०२२ पासून गाडीच्या आणि घराच्या विम्यात तिला बंदी केली. बाकी ठिकाणी ज्याला वेळ आहे, इंग्रजी आहे, एकरकमी भरायला पैसे आहेत, त्याला स्वस्त. ज्याला यांतलं काही नाही, त्याला महाग. इथे माझी सवलत कुणाच्या अज्ञानातून येत असेल, तर त्यावर एकच उपाय मला दिसतो: ते ज्ञान स्वतःजवळ ठेवायचं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात नाटक-गाणी होतातच. वर्षातून एक संध्याकाळ सगळ्यांनी आपापली पॉलिसी घेऊन एकत्र बसायला काय हरकत आहे? नव्याने आलेल्या जोडप्याला पोहे खायला बोलावण्याइतकंच ते आतिथ्य आहे.

आता थोडं अवघड ठिकाण. सवलत मिळवण्यासाठी थोडंसं खोटं बोलणं. गाडी रोज कामाला नेतो, पण कागदावर ‘फक्त फिरायला’. गाडी उभी असते एका ठिकाणी, पत्ता स्वस्त भागातल्या मित्राचा. मुलगा कॉलेजसाठी दूर गेला म्हणून सवलत घेतली, आणि तो सेमिस्टर सोडून घरी परत आल्याचं कळवायचं राहिलं. अशा गोष्टी आपल्या बैठकीत हसत सांगितल्या जातात. त्यामागचं समर्थन ठरलेलं: कंपनी गब्बर आहे, तिला काय फरक पडतो.

कंपनीला खरंच फारसा फरक पडत नाही. कंपनी बऱ्याच अंशी फक्त कॅशियर आहे. खोटेपणाची रक्कम ती पुढच्या वर्षीच्या दरांत मिसळून टाकते, आणि ती भरतो तो, ज्याने खरा पत्ता लिहिला. एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या माणसांच्या या व्यवहारात चेहरा दिसत नाही म्हणून चोरी वाटत नाही, इतकंच. भिशीत कुणी आपला हप्ता बुडवला तर आपण त्याला आयुष्यभर ओळखून असतो. विमा म्हणजे लाखभर अनोळखी लोकांची भिशी आहे, हे लक्षात ठेवलं तर हे ‘थोडंसं’ इतकं थोडं वाटणार नाही. शिवाय क्लेमच्या वेळी हा खोटेपणा उघडा पडला तर पैसे नाकारले जाऊ शकतात. पण ती भीती हे नीतीचं कारण नव्हे. ते वेगळंच, व्यवहाराचं कारण.

हप्ता कमी करायचा आणखी एक मार्ग असतो, आणि त्याला सवलत म्हणत नाहीत: कव्हरेज कापणं. इथे मला एक भेद फार महत्त्वाचा वाटतो. दहा वर्षं जुन्या गाडीवरचा कॉम्प्रिहेन्सिव्ह काढून टाकला, किंवा डिडक्टिबल वाढवलं, तर मी माझ्या पैशांचा जुगार खेळतो. मूस आला तर माझी गाडी गेली. ते माझं पत्करलेलं नशीब. पण लायबिलिटी म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्याला होणाऱ्या इजेची सोय. अलास्कात कायद्याने किमान मर्यादा एका जखमी माणसामागे ५० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी १ लाख आणि मालमत्तेसाठी २५ हजार. अमेरिकेतल्या हॉस्पिटलची बिलं पाहिलेल्या कुणालाही कळेल की गंभीर इजेत ५० हजार किती लवकर संपतात. ही मर्यादा तळाशी ठेवून वाचवलेले पैसे मी दुसऱ्याच्या पाठीच्या कण्यावर वाचवलेले असतात. अनेकदा आपण याच्या नेमकं उलट करतो. नव्या गाडीच्या रंगाला ओरखडा आला तर भरून मिळावा म्हणून पैसे मोजतो, आणि समोरच्याच्या इजेसाठी कायद्याला लागेल तेवढंच.

एलिझाबेथ अँडरसन यांनी १९९९ साली ड्वॉर्किनप्रभृतींच्या विचारावर टीका करताना गाडीचंच उदाहरण घेतलं होतं. विमा नसलेल्या चालकाने हलगर्जीपणाने चुकीचं वळण घेतलं, अपघात झाला. ज्याने त्याने आपल्या निवडीचं फळ भोगावं, हे तत्त्व शेवटपर्यंत ताणलं तर मदतीला आलेल्या पथकाने त्याला रस्त्यावर तसंच सोडून द्यायला हवं. कुठलाही सभ्य समाज तसं करत नाही. उणे ३० मध्ये, रस्त्याच्या कडेला उलटलेल्या गाडीपाशी थांबलेला अलास्कन माणूस आधी विम्याची चौकशी करत नाही. दोष कुणाचा हे नंतर ठरतं. आधी त्याला आपल्या गाडीत, उबेत बसवलं जातं. म्हणजे नशिबाचे दोन खाने पाडणं हिशेबाला उपयोगी पडतं, पण माणसांनी एकमेकांशी कसं वागावं याचं ते पूर्ण उत्तर नव्हे.

अलास्कातच याचा दुसरा नमुना आहे. गाडीने मारलेला मूस हा राज्याच्या मालकीचा समजला जातो. पोलीस आपल्याकडच्या यादीतून एखाद्या संस्थेला किंवा कुटुंबाला फोन करतात. ती मंडळी मध्यरात्री सुरे आणि ट्रक घेऊन येतात, आणि ते मांस गरजूंच्या घरी पोचतं. आपल्यातल्या शाकाहारी वाचकांना हे वाचताना कसंसंच होईल, पण त्यातला विचार पाहा: जे घडू नये ते घडलं, निदान वाया जाऊ नये, आणि ज्याला गरज आहे त्याला मिळावं. याच राज्यात तेलाच्या उत्पन्नातून उभारलेल्या निधीचा लाभांश १९८२ पासून दर वर्षी रहिवाशांना सारखाच वाटला जातो. जमिनीखालचं तेल सगळ्यांचं, रस्त्यावरचं मांस गरजूंचं, आणि त्याच रस्त्यावरचं नुकसान मात्र ज्याच्या त्याच्या पिन कोडप्रमाणे आणि क्रेडिट स्कोअरप्रमाणे. लाभ वाटताना आपण जे सहज मानतो, ते तोटा वाटताना आपल्याला का सुचत नाही?

सगळ्यांना एकच हप्ता लावा, असं मी म्हणत नाही. बेफाम चालवणाऱ्याला आणि सांभाळून चालवणाऱ्याला सारखीच किंमत लावली, तर सांभाळण्याचा एक धडा कमी होतो. पण मधले रस्ते आहेत. कॅनडात सस्कॅचवान प्रांताने १९४५ साली सरकारी विमा कंपनी काढली, मॅनिटोबाने १९७१ मध्ये गाड्यांचा सरकारी विमा सुरू केला. थंडी तिथेही अशीच, रस्त्यावर हरणं आणि मूस तिथेही. तिथे मूळ विम्यासाठी चालकाचं वय किंवा लिंग पाहत नाहीत. त्याची वागणूक पाहतात. यालाही खर्च असतो, तक्रारी तिथेही असतात. पण ‘तुम्ही कोण’ आणि ‘तुम्ही काय केलंत’ हे वेगळं करता येतं, एवढं त्यातून सिद्ध होतं.

मॅनिटोबाची आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ऑन्टॅरिओमध्ये १ जानेवारी २०१६ पासून हिवाळी टायर बसवणाऱ्यांना विमा कंपन्यांनी सवलत द्यावीच, असा नियम झाला. चांगलंच. पण ही सवलत मिळते ती ज्याच्याकडे चार टायर घ्यायला आधीच पैसे होते त्याला. मॅनिटोबाच्या सरकारी कंपनीने २०१४ मध्ये वेगळा मार्ग धरला: हिवाळी टायर घ्यायला कमी व्याजाचं कर्ज. एकात सुरक्षित असणाऱ्याला बक्षीस, दुसऱ्यात सुरक्षित होऊ पाहणाऱ्याला हात. बर्फावर घसरत समोरून येणारी गाडी कुणाची असेल हे आपल्याला माहीत नसतं. तिला चांगले टायर असणं माझ्याच हिताचं आहे.

तसंच कुंपणाचं. १९८० च्या दशकाच्या शेवटी अँकरेजच्या बाहेर ग्लेन हायवेच्या एका पट्ट्यात उंच कुंपण घातलं गेलं, मूसना खालून जायला वाट ठेवली, चुकून आत आलेल्याला बाहेर पडता यावं म्हणून एकाच बाजूने उघडणारी दारं बसवली. त्या पट्ट्यातल्या धडका पुष्कळच कमी झाल्या. सवलतीने माझं बिल दुसरीकडे सरकतं. कुंपणाने बिलच लहान होतं, आणि मूसही वाचतो, ज्याच्या नावाने कुठलीच पॉलिसी नसते. तरीही विम्याचे दर तुलना करण्यात आपण जितक्या संध्याकाळी घालवतो, त्यातली एकही रस्त्यांच्या निधीवरच्या जाहीर सुनावणीला देत नाही.

मग आपण, म्हणजे थंडीत येऊन वसलेल्या, हिशेबी, घासाघीस करणाऱ्या माणसांनी करायचं काय? जिच्यामुळे धोका खरोखर कमी होतो ती सवलत हक्काने घ्यावी. जी मिळते ती केवळ आपण सुस्थितीत आहोत म्हणून, ती घेतली तरी तिला आपली कर्तबगारी समजू नये, आणि ती बंद करणारा कायदा येऊ घातला तर आपला हप्ता वाढेल म्हणून त्याच्या विरोधात उभं राहू नये. अर्ज खरा भरावा. आणि इकडून तिकडून वाचवलेल्या पैशांतले थोडे लायबिलिटीची मर्यादा वाढवण्यात घालावेत. ते पैसे आपल्याला कधी परत मिळणार नाहीत; सगळं नीट चाललं तर कुणालाच मिळणार नाहीत. पण एखाद्या अंधाऱ्या सकाळी काही विपरीत घडलंच, तर समोरच्या गाडीतल्या अनोळखी माणसाच्या घरी त्याचा उपयोग होईल.